तारेत खोचलेल्या चिठ्ठ्या: मलेरियाचा परजीवी संकटात काय करतो?

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो आणि जिथे शेजारच्या कुकरने मध्येच शिट्टी मारली, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय. लोकलमध्ये हेडफोन विसरला असाल तर हे वाचा, घरी गेल्यावर ऐका.

सुरुवात माझ्याच एका मूर्खपणापासून करतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका मित्राच्या गावी राहून आलो होतो. गडचिरोली जिल्हा, भामरागडच्या बाजूला. पावसाळा संपत आला होता, जंगल हिरवंगार, रात्री अंगणात बाज टाकून गप्पा. मच्छरदाणी होती, पण गप्पांच्या नादात तिच्यात शिरलो कुणीच नाही. पुण्याला परतलो आणि आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप. रक्त तपासलं. फॅल्सिपेरम मलेरिया निघाला. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्यांचा पॅक हातात दिला आणि बजावलं, "तिन्ही दिवस घ्यायच्या. बरं वाटलं तरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप गायब. भूक लागली, मेसमध्ये दोन भाकऱ्या जास्तीच्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशीच्या गोळ्या बॅगेत तशाच राहिल्या. म्हटलं, आता बरं वाटतंय, उगाच पोटात औषध कशाला?

तीन आठवड्यांनी तीच हुडहुडी, तोच ताप. मधल्या काळात मी पुण्याबाहेर कुठेच गेलो नव्हतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या संपवल्या होत्या?" मी खाली बघितलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. रक्तातले जंतू मेले, म्हणून तर ताप गेला. मग मधले तीन आठवडे ते होते कुठे? आणि करत काय होते?

याचं उत्तर शोधताना मी एका भन्नाट विषयात जाऊन पडलो. एकाच पेशीचा हा जीव. त्याला ना डोळे, ना मेंदू. पण संकट आलं की आपलं कामकाज कसं थांबवायचं आणि संकट टळल्यावर ते पुन्हा कसं सुरू करायचं, हे त्याला पक्कं जमतं. त्यातला मोठा भाग घडतो मेसेंजर आरएनएच्या पातळीवर. आज त्याबद्दल बोलू.

आधी चिठ्ठी म्हणजे काय ते बघू

मेसेंजर आरएनए हे नाव कोविडच्या लसींमुळे आपल्या कानावर पडलं. पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीच्या अशाच लसीला २०२२ साली आपत्कालीन मंजुरी मिळाली होती, ते काहींना आठवत असेल. पण तो आरएनए म्हणजे नेमकं काय?

आपली ओळखीची खानावळ घ्या. गल्ल्यामागच्या कपाटात एक जाडजूड वही आहे, तिच्यात सगळ्या पदार्थांच्या कृती लिहिल्यात. ती वही म्हणजे डीएनए. वही काही कुणी स्वयंपाकघरात नेत नाही. तिच्यातून हवी ती कृती एका चिठ्ठीवर उतरवून आत पाठवतात. ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. आत बसलेला आचारी चिठ्ठी वाचतो आणि पदार्थ बनवतो. आचारी म्हणजे रायबोसोम आणि पदार्थ म्हणजे प्रथिन. पेशीतलं बहुतेक काम ही प्रथिनंच करतात.

आता विचार करा, खानावळीवर संकट आलंय. गॅस संपत आलाय. मालक काय करेल? त्याच्याकडे तीन वाटा आहेत. नवीन चिठ्ठ्या लिहायचं थांबवायचं. आधीच आत गेलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. किंवा तिसरी वाट: चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत, पण वाचायच्याही नाहीत. जुन्या दुकानांत भिंतीवरच्या तारेत बिलं खोचून ठेवलेली असायची ना, तशा त्या खोचून ठेवायच्या. गॅस आला की काढायच्या आणि लगेच कामाला लागायचं.

मलेरियाचा परजीवी या तिन्ही वाटा वापरतो. पण तिसरी वाट त्याने फारच हुशारीने वापरलीय.

धक्क्यांवर धक्के

या जीवाला असली युक्ती लागते, कारण त्याचं आयुष्यच तसं आहे. ते आयुष्य डासातही जातं आणि माणसातही.

ॲनॉफिलिस जातीची मादी चावते, तेव्हा तिच्या लाळेतून परजीवी आपल्या कातडीत येतात. डासाचं शरीर हवेइतकं गार किंवा गरम असतं, आपलं ३७ अंश. पहिला धक्का तिथेच. मग ते यकृतात जातात, तिथे गुपचूप वाढतात, आणि हजारोंच्या संख्येने रक्तात उतरतात. रक्तात प्रत्येक जण एका तांबड्या पेशीत शिरतो. फॅल्सिपेरमचं हे चक्र साधारण ४८ तासांचं. पेशी फुटते, नवे परजीवी बाहेर पडतात, नव्या पेशींत घुसतात. या फुटण्यामुळेच आपल्याला ताप चढतो. ताप ४० अंशांच्या वर गेला की परजीवीलाही चटका बसतो. म्हणजे गडी स्वतःच लावलेल्या आगीत भाजून निघतो.

यातले काही परजीवी नर-मादीच्या रूपात तयार होऊन दुसऱ्या डासाची वाट बघतात. डासाने रक्त प्यायलं की पुन्हा गार पोट. हैदराबादजवळच्या सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी पाहिला, तो याच पुढच्या टप्प्यातला. त्या शोधासाठी त्यांना १९०२ साली नोबेल मिळालं.

तर गरम, गार, उपासमार, ताप, आणि वरून आपल्या गोळ्या, असं हे धक्क्यांचं आयुष्य आहे. यातली दोन ठिकाणं आधी बघू, जिथे चिठ्ठ्या खोचून ठेवणं अगदी स्पष्ट दिसतं.

पहिलं ठिकाण: डासाच्या लाळेतली वाट

डासाच्या लाळग्रंथीत परजीवीची जी अवस्था असते, तिला स्पोरोझॉइट म्हणतात. लांबट, धाग्यासारखी. ती तिथे तयार होऊन बसते आणि चाव्याची वाट बघते. डास आज चावेल, उद्या चावेल, आठवड्याने चावेल, तिला काय ठाऊक?

माणसाच्या यकृतात गेल्यावर लागणाऱ्या बऱ्याच चिठ्ठ्या तिच्याकडे आधीच लिहून तयार असतात. पण त्या डासातच वाचल्या गेल्या तर घोटाळा. ती यकृतातल्या रूपात बदलायला लागेल आणि तेही डासाच्या आत. लग्नाला निघायच्या आधीच जेवून झोपल्यासारखं.

मग चिठ्ठ्या वाचल्या जाऊ नयेत म्हणून काय केलेलं असतं? इथे एका प्रथिनाचं नाव घेतो, घाबरू नका: ईआयएफ-टू-अल्फा. हे नाव पुढे परत येणार आहे. खानावळीच्या भाषेत हा आचाऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या. प्रत्येक पदार्थ सुरू करताना पहिली वस्तू आचाऱ्याच्या हातात हाच आणून देतो. तो आला नाही तर आचारी चिठ्ठी हातात घेऊन नुसता उभा.

पेशी काय करते, तर या पोऱ्याला फॉस्फेटची एक बारीकशी टाचणी लावते. टाचणी लागली की तो दुसरी फेरी मारायला मोकळाच होत नाही, अडकून पडतो. परिणाम? जवळजवळ सगळं स्वयंपाकघर थंड.

ही टाचणी लावणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. मलेरियाच्या परजीवीत या कामासाठी तीन कायनेज आहेत: आयके-वन, आयके-टू आणि पीके-फोर. लाळग्रंथीतल्या स्पोरोझॉइटमध्ये काम करतं ते आयके-टू. न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली उंदरांच्या मलेरियावर काम करताना आयके-टू काढून टाकलं. झालं काय? स्पोरोझॉइट डासातच गोलाकार व्हायला लागले, यकृतात व्हायला हवेत तसे. आणि त्यांची लागण करायची ताकद घटली. थांबता आलं नाही, म्हणून पुढचं सगळं बिघडलं.

शिवाय काही ठरावीक चिठ्ठ्यांवर वेगळा पहारेकरी असतो. पीयूएफ-टू नावाचं प्रथिन आरएनएच्या शेपटीकडच्या भागाला चिकटून बसतं आणि ती चिठ्ठी वाचू देत नाही. म्हणजे एकीकडे स्वयंपाकघराचा मेन व्हॉल्व्ह बंद, आणि दुसरीकडे महत्त्वाच्या चिठ्ठ्यांना वेगळं कुलूप.

दुसरं ठिकाण: रक्तातली मादी

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते.

रक्तात वाट बघणाऱ्या मादी रूपाला मादी गॅमेटोसाइट म्हणतात. डासाने रक्त प्यायलं की तिला फार वेळ नसतो. तापमान पाचेक अंशांनी उतरतं, डासाच्या पोटातलं झँथ्युरेनिक आम्ल भेटतं, आणि तेवढ्या इशाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटांत ती तांबड्या पेशीतून बाहेर पडून फलनाला तयार होते. त्यानंतर साधारण दिवसभरात तिचं रूप बदलून तिला डासाच्या पोटाची भिंत ओलांडायची असते. एवढ्या घाईत वही उघडून एकेक चिठ्ठी लिहीत बसायला वेळ कुठला?

म्हणून चिठ्ठ्या आधीच लिहिलेल्या असतात. माणसाच्या रक्तात असतानाच. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने २००६ साली हे दाखवलं. डोझी नावाचं एक प्रथिन शेकडो चिठ्ठ्यांना धरून ठेवतं. ते ना त्या फाडू देतं, ना वाचू देतं. डोझी काढून टाकलं तेव्हा या साठवलेल्या चिठ्ठ्या नष्ट झाल्या. फलन झालं, पण पुढची वाढ तिथेच खुंटली. म्हणजे सगळं भविष्य त्या तारेवर खोचलेलं होतं.

या चिठ्ठ्यांपैकी दोन पी-२५ आणि पी-२८ या प्रथिनांच्या. ही प्रथिनं परजीवीच्या अंगावर दिसतात ती डासाच्या पोटात गेल्यावरच. आता गंमत बघा. आपल्या रक्तात ते प्रथिन बनतच नाही, त्यामुळे आपली प्रतिकारशक्ती त्याला कधी भेटतच नाही. म्हणून काही शास्त्रज्ञ त्यावरच लस करू बघतायत. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात पी-२५ विरुद्धची प्रतिपिंडं असतील, डास ते रक्त पिईल, आणि परजीवी डासाच्या पोटातच अडेल. अशी लस घेणाऱ्याला थेट फायदा नाही. फायदा शेजाऱ्याला, आणि शेजाऱ्याच्या लसीचा फायदा आपल्याला. ही लस अजून बाजारात आलेली नाही, पण कल्पना आहे ती याच न वाचलेल्या चिठ्ठीवर उभी.

उपास आणि ताप

आतापर्यंतची दोन्ही ठिकाणं म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकातले थांबे होते. अचानक आलेल्या संकटाचं काय?

आधी उपासमार. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो. पण मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये एक अमिनो आम्ल अजिबात नसतं: आयसोल्युसिन. ते त्याला रक्ताच्या द्रवातून, म्हणजे आपल्या जेवणातून आलेल्या साठ्यातून, घ्यावं लागतं. प्रयोगशाळेत त्याचं आयसोल्युसिन बंद केलं, तर तो मरत नाही, संथ होतो. ७२ तास असा राहतो आणि ते परत दिलं की झटक्यात वाढायला लागतो. अस्वल हिवाळ्यात झोपतं, तसं काहीसं.

तुम्ही म्हणाल, लागली असणार टाचणी! बरोबर, टाचणी लागते. पण इथे कथा वळण घेते. ती टाचणी लावणारं कायनेज काढून टाकलं तरीही परजीवी झोपला आणि नंतर उठला. म्हणजे उपासमारीतली झोप एकट्या टाचणीवर अवलंबून नाही. २०१२ सालच्या या निष्कर्षामुळे मला बरं वाटलं, खरं सांगतो. कारण विज्ञानाच्या गोष्टी सांगताना आपल्याला सगळीकडे एकच बटण दाखवायचा मोह होतो. निसर्गात एकाच खोलीला चार स्विच असू शकतात.

तापाचंही तसंच. आपल्या पेशी तापल्या की एक ठरावीक प्रथिन पुढे येतं आणि बचाव करणाऱ्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या भराभर लिहायला लावतं. मलेरियाच्या परजीवीकडे ते प्रथिनच नाही. मग तो ४० अंशांत तग कसा धरतो? २०२१ साली कळलं, त्याने त्या कामाला दुसराच माणूस नेमलाय: एपी-टू-एचएस. हे प्रथिन मोजक्याच जनुकांना जागं करतं, त्यातलं मुख्य म्हणजे एचएसपी-७०. उष्णतेने वेडीवाकडी होणारी प्रथिनं एचएसपी-७० सावरून धरतं. म्हणजे इथे वाट वेगळी आहे. चिठ्ठी खोचून ठेवलेली नाही, नवी लिहिली जाते, तीही घाईघाईने.

ज्याला वहीच नीट उघडता येत नाही

मलेरियाच्या परजीवीला निदान गरजेपुरती नवी चिठ्ठी लिहिता येते. पण एक परजीवी असा आहे, ज्याला बहुतेक जनुकांसाठी तेवढंही स्वातंत्र्य नाही. त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा. थोडं वळण घेऊन त्याच्याकडे जाऊ, कारण चिठ्ठ्या सांभाळण्याची कला त्याच्याकडे बघूनच नीट कळते. आणि त्याचा महाराष्ट्राशीही संबंध आहे.

त्याची एक जात आपल्याकडे गुराढोरांत, घोड्यांत, उंटांत आजार करते: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ज्यांच्या घरी जनावरं आहेत, त्यांनी पशुवैद्यकांकडून सर्रा रोगाचं नाव ऐकलं असेल, तोच हा. चावणाऱ्या माशांवाटे पसरतो. तो सहसा माणसात टिकत नाही, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. येऊन-जाऊन ताप यायचा. जगातली ही पहिली पक्की नोंद. पुढे कळलं की त्यांच्या रक्तात ते संरक्षण करणारं प्रथिनच नव्हतं. औषधाने ते बरे झाले.

चिठ्ठ्यांवरचे प्रयोग झालेत ते त्याच्या आफ्रिकेतल्या जवळच्या भावावर, ट्रिपॅनोसोमा ब्रुसीवर. आफ्रिकेतला झोपेचा आजार याच्यामुळे होतो, आणि त्से-त्से माशी तो पसरवते.

या मंडळींची वही विचित्र आहे. आपल्याकडे प्रत्येक जनुकाला साधारण आपापलं बटण असतं. यांच्याकडे डझनावारी जनुकं एका रांगेत, आणि ती सगळी एकदमच उतरवली जातात. लांबच लांब कागद निघतो, मग तो कापून वेगवेगळ्या चिठ्ठ्या केल्या जातात. प्रत्येक चिठ्ठीच्या तोंडाला ३९ अक्षरांचा तोच ठरावीक मथळा जोडला जातो. खानावळीत रोज सगळा मेन्यूच छापायचा, हवा असो वा नसो, तसं.

मग संकटात हवं तेच प्रथिन कसं बनवायचं? एकच उपाय. कोणती चिठ्ठी ठेवायची, कोणती फाडायची आणि कोणती वाचायची, हे नंतर ठरवायचं. या परजीवीला ४१ अंशांवर ठेवलं की बहुतेक रायबोसोम चिठ्ठ्यांवरून उतरतात. काही चिठ्ठ्या नष्ट होतात, काही पेशीत बारीक पुंजके करून एकत्र जमतात. पण एचएसपी-७० ची चिठ्ठी शाबूत राहते आणि वाचली जात राहते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २०१३ साली दाखवलं की झेडसी-थ्री-एच-इलेव्हन नावाचं एक प्रथिन तिच्या शेपटीतल्या ठरावीक अक्षरांना घट्ट धरून बसतं, म्हणून ती फाडली जात नाही. ते प्रथिन काढलं, तर परजीवी उष्णतेच्या धक्क्यातून सावरत नाही.

गर्दीत सगळ्यांची पांगापांग झाली, आणि एका बाईने आपल्या लेकराचा हात तेवढा सोडला नाही, अशी ही गोष्ट.

आता माझ्या बॅगेतल्या गोळ्या

एवढं सगळं सांगितलं, ते परत माझ्या तीन आठवड्यांकडे यायला.

मला दिलेल्या पॅकमधलं मुख्य औषध आर्टेसुनेट, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या कुटुंबातलं. मूळ आर्टेमिसिनिन चीनमधल्या थू योयो यांच्या गटाने १९७० च्या दशकात एका वनस्पतीतून वेगळं केलं, आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. हे औषध वेगाने काम करतं. परजीवी हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोहयुक्त हीम सुटतं, ते औषधाला जागं करतं, आणि मग औषध आजूबाजूच्या प्रथिनांची वाट लावतं. पहिल्या दोन दिवसांत बहुतांश परजीवी मरतात. ताप उतरतो. मेसमध्ये दोन भाकऱ्या जास्त जातात.

पण या औषधाची एक मर्यादा आहे. ते काही तासांतच शरीरातून निघून जातं. आणि परजीवीच्या पेशीत प्रथिनांची नासधूस सुरू झाली की ती ओळखणारा एक पहारेकरी जागा असतो: पीके-फोर. टाचणी लावणाऱ्या तिघांतला तिसरा.

२०१७ साली छापून आलेल्या कामात हे स्पष्ट दिसलं. आर्टेमिसिनिन दिलं की ईआयएफ-टू-अल्फाला टाचणी लागते, प्रथिनं बनायची जवळजवळ थांबतात, आणि काही कोवळे परजीवी, ज्यांना रिंग म्हणतात, ते आक्रसून झोपी जातात. झोपलेला परजीवी हिमोग्लोबिन फारसं खात नाही. खात नाही म्हणून हीम कमी, हीम कमी म्हणून औषध जागं होत नाही. औषध येतं आणि निघून जातं. काही दिवसांनी यातले थोडे जागे होतात. थोडेच, पण दर ४८ तासांना त्यांची संख्या कित्येक पट होते. हिशेब तुम्हीच करा.

त्याच कामात पीके-फोरला अडवणारा एक रेणू औषधासोबत दिला गेला. परजीवींना झोपताच आलं नाही, आणि आजार उलटला नाही. टाचणी आणि झोप यांचा संबंध असा हाताला लागला.

आग्नेय आशियातून एक काळजीची गोष्ट येत होतीच. पश्चिम कंबोडियात हे औषध हळू काम करतंय असं २००९ साली लक्षात आलं. २०१४ साली त्यामागचं जनुक सापडलं, केल्च-१३. त्यात बदल झालेले परजीवी हिमोग्लोबिन कमी गिळतात, आणि त्यांच्यात ही टाचणीची यंत्रणाही जास्त जोरात असते, असं दिसलंय. आता रवांडा, युगांडासारख्या आफ्रिकी देशांतही असे बदल आढळलेत. तिथे दरवर्षी लाखो लहान मुलांचा जीव या एका औषधावर अवलंबून असतो. म्हणून हा विषय नुसता पुस्तकी नाही.

मग पीके-फोरवरचं औषध बाजारात का नाही? कारण आपल्या पेशींतही त्याचा चुलतभाऊ आहे, पर्क नावाचा. प्रयोगात वापरलेला रेणू मुळात माणसाच्या पर्कसाठीच बनवला होता. पर्क अडवला की प्राण्यांच्या स्वादुपिंडाला इजा होते. शत्रूच्या दारावरचं कुलूप तोडायला जावं आणि आपल्याच तिजोरीचं तुटावं, असं नको. परजीवीचं कायनेज अडवेल पण आपलं सोडून देईल असा रेणू हवा. शोध चालू आहे.

तर मग आपण काय करायचं?

सध्याचं उत्तर साधं आहे. एकच औषध द्यायचं नाही. आर्टेमिसिनिनसोबत दुसरं औषध द्यायचं, जे शरीरात बरेच दिवस टिकतं आणि झोपेतून उठणाऱ्यांना गाठतं. आणि आर्टेमिसिनिनही तीन दिवस द्यायचं. एका दिवसाच्या औषधातून जे निसटले, त्यांच्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घाव. मी नेमका शेवटचा घाव गाळला होता.

माझ्या बाबतीत टाचणीमुळेच सगळं घडलं, असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. माझ्या रक्तातले परजीवी कुणी सूक्ष्मदर्शकाखाली झोपताना पाहिले नाहीत. पण अर्धवट सोडलेल्या गोळ्या, मधला शांत काळ आणि मग उलटलेला ताप, हे चित्र इथे नेमकं बसतं.

अजून एक, कारण या विषयावर बोललं की हमखास विचारलं जातं. व्हायव्हॅक्स मलेरियात डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या देतात, त्या वेगळ्या. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात महिनोन् महिने झोपून राहतात. त्यांची झोप आणि मी सांगितलेली रक्तातली झोप एक नाही. पण आपल्यासाठी धडा एकच: ताप उतरला म्हणजे सगळे मेले असं नाही. त्या १४ दिवसांच्या गोळ्या सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि गरोदर असाल तर आधी तसं सांगा. दुसऱ्याच्या घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका.

तुमच्या घरी, हॉस्टेलवर, रूमवर कुणी मलेरियाच्या गोळ्या घेत असेल, तर तिसऱ्या दिवशी एक मेसेज टाका, "घेतल्यास का?" एवढंच. मला तेव्हा कुणी टाकला असता तर परीक्षेच्या आठवड्यात रजईत कुडकुडत पडलो नसतो.

पुढच्या भागात बोलू डासांबद्दल: त्यांना आपल्या अंगाचा वास कसा कळतो, आणि चार जण बसलेले असताना ते नेमके तुमच्याकडेच का येतात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नेहमीसारखं. आणि गप्पांच्या नादात मच्छरदाणी विसरू नका.

भेटूया!